हरवणं वेगळं, लपवणं वेगळं

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा. मुलगा 9 वर्षांचा. संडे स्कूलमधून (चर्चमधला मुलांचा रविवारचा बायबलवर्ग) वाचायला आणलेलं पुस्तक त्याने हरवलं, धाकट्या बहिणीचे रंग झाकण न लावता ठेवून वाळवले, आणि अर्पणासाठी हातात दिलेली नाणी थाळीत न टाकता खिशात ठेवून नंतर त्यांचे स्टिकर घेतले. विचारल्यावर "टाकली की" म्हणाला. तुम्ही त्याला बायबलमधला तालांतांचा दाखला सांगितलात (धनी तीन चाकरांकडे पाच, दोन आणि एक तालांत एवढा पैसा सोपवतो; दोघे तो वाढवतात, तिसरा पुरून ठेवतो), लूक 16:10 (जो अगदी थोडक्यात विश्वासू, तो पुष्कळातही विश्वासू) पाठ करून घेतलंत, खर्चाला देत होता ते पैसे बंद केलेत. फरक पडला नाही. ख्रिस्ती घरात वाढणाऱ्या मुलाला विश्वासूपणा शिकवायचा तरी कसा, आणि पैसे परत त्याच्या हातात कधी द्यायचे, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं संडे स्कूलमध्ये याच वयाच्या मुलांना शिकवते आहे, त्यामुळे यातलं काहीच मला नवं नाही. पण पुस्तक, रंग आणि नाणी या तिन्ही गोष्टी तुम्ही एका दमात सांगितल्यात, आणि शिक्षाही तिन्हींना मिळून एकच दिलीत. माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. पहिल्या दोन वेळी त्याला सांभाळणं जमलं नाही. तिसऱ्या वेळी खरं सांगणं जमलं नाही. सांभाळणं सरावाने येतं. खरं सांगणं मात्र, घरात खरं सांगितल्यावर पुढे काय होतं, यावर बरंचसं अवलंबून असतं. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

तुमच्या घरची सगळी परिस्थिती मला माहीत नाही, म्हणून काही गोष्टी तुम्हीच ताडून बघा. मुलगा शाळेत, घरी, खेळताना, सगळीकडेच विसरतो का? सांगितलेल्या तीन कामांपैकी दोन दारापर्यंत जाईतो डोक्यातून जातात का? तसं असेल तर हा विश्वासूपणाचा प्रश्न नसून लक्ष टिकण्याचा असू शकतो. त्यासाठी शिक्षकांशी आणि बालरोगतज्ज्ञांशी बोलावं, वचन पाठ करून तो सुटणार नाही. वर्गातल्या बाकी सगळ्यांकडे ते स्टिकर होते आणि याच्याकडेच नव्हते का? घरात पैशांची ओढाताण चालू आहे आणि ती त्याच्या कानावर पडते का? यातलं काही असलं म्हणून नाणी घेणं बरोबर ठरत नाही, पण तुमचं पहिलं वाक्य काय असावं ते त्याने बदलतं.

आधी सांभाळण्याचं बघू, कारण ते सोपं आहे.

मुलांना मी 1 शमुवेल 17 सांगते, म्हणजे मेंढपाळ दावीद गोफणीने धिप्पाड योद्धा गल्याथाला पाडतो ती गोष्ट, तेव्हा गल्याथाकडे जायच्या आधी जरा थांबते. वडील इशाय दावीदाला भावांकडे छावणीवर पाठवतात. दावीद पहाटे उठतो, मेंढरं एका राखणाऱ्याच्या हवाली करतो आणि मग निघतो (वचन 20). छावणीत पोहोचल्यावर बरोबरचं सामान सामान राखणाऱ्याकडे देतो आणि मगच रणांगणाकडे धावतो (वचन 22). थोरला भाऊ अलीयाब त्याच्यावर खेकसतो, "ती थोडीशी मेंढरं रानात कोणाकडे सोडून आलास?" आणि वाचणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. गोफणीपेक्षा मला ही दोन वचनं जास्त उपयोगी पडली आहेत. सांभाळणारा माणूस वस्तूला सतत चिकटून बसत नाही. जाताना ती कोणाच्या तरी हवाली करून जातो. 9 वर्षांच्या मुलाला एवढं नक्की शिकता येतं.

दुसरी गोष्ट 2 राजे 6 मधली. संदेष्ट्यांचे शिष्य यार्देनेच्या काठी लाकडं तोडत असतात, एकाच्या कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटून पाण्यात पडतं. तो ओरडतो तो काम अडलं म्हणून नाही, तर कुऱ्हाड मागून आणलेली होती म्हणून. संदेष्टा अलीशा लाकूड टाकून पातं वर आणतो तो चमत्कार मुलांना आवडतोच. पण मी त्यांना विचारते, त्याने पहिल्यांदा काय केलं? तो लगेच ओरडला. संध्याकाळपर्यंत गप्प बसला असता तर? वर्गात यावर पुष्कळ चर्चा होते.

"नीट सांभाळ हं" ही सूचना मुलांच्या कामाची नसते, हे मी वर्गातल्या रंगपेट्यांवरून म्हणते. "नीट" म्हणजे काय, हे मोठ्यांना कळतं, लहानांना नाही. आमच्याकडे पेटी घेणारं मूल पेन्सिली मोठ्याने मोजून घेतं, परत देताना दुसऱ्या मुलासमोर मोजून देतं, आणि मोडलेली पेन्सिल वेगळ्या खोक्यात टाकतं. मोडल्याबद्दल कोणी रागावत नाही. मोडलेली गुपचूप पेटीत परत ठेवली तर मात्र बोलणं होतं. निर्गम 22 काढून बघा, तिथले नियमही असेच नेमके आहेत. सांभाळायला दिलेली वस्तू चोरीला गेली तर काय, मागून आणलेलं जनावर मेलं तर काय, त्या वेळी मालक तिथे हजर असेल तर काय, हे सगळं वेगवेगळं सांगितलंय. अपघात आणि हयगय यांना तिथे एकच माप लावलेलं नाही. घरीही वस्तू देताना चार गोष्टी बोलून घ्या: ही कोणाची आहे, कशासाठी वापरायची, कुठे ठेवायची, आणि काही झालं तर कोणाला सांगायचं. चौथी गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते, आणि लपवणं तिथूनच सुरू होतं.

आता नाण्यांचं.

तालांतांचा दाखला (मत्तय 25:14-30) तुम्ही सांगितलात, पण कसा सांगितलात ते महत्त्वाचं. बहुतेक जण शेवटच्या वचनावर जोर देतात, निकामी चाकराला बाहेरच्या अंधारात टाकलं तिथे. वर्गात मी विचारते की तिसऱ्याने पैसे का पुरले, तर उत्तर येतं, "आळशी होता म्हणून." धनी त्याला आळशी म्हणतो हे खरंच. पण वचन 25 मध्ये तो स्वतः काय सांगतो ते बघा: मला भीती वाटली आणि मी जाऊन ते जमिनीत लपवलं. धनी कठोर आहे अशी त्याची समजूत होती, आणि त्या समजुतीने त्याच्या हातात फावडं दिलं. आधीच काहीतरी लपवून बसलेल्या मुलाला हाच दाखला धमकीसारखा सांगितला, तर तो आणखी खोल खणायला शिकतो. म्हणून सध्या तरी हा दाखला बाजूला ठेवा. हनन्या आणि सप्पीरा, म्हणजे दानाच्या पैशांबद्दल खोटं बोलून जागीच मेलेलं जोडपं, तर नकोतच.

पुढे शांतपणे सांगायची वेळ आली की दोन गोष्टी जरूर सांगा. एक तालांत म्हणजे सुमारे 6000 दिनार, आणि मत्तय 20 प्रमाणे एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे ज्याला "एकच" मिळाला त्याच्याही हाती साधारण वीस वर्षांची कमाई होती. धन्याने त्याला किरकोळ समजलं नव्हतं. दुसरं असं की पाचवाल्याला आणि दोनवाल्याला मिळालेली शाबासकी शब्दशः सारखी आहे, वचन 21 आणि 23 शेजारी ठेवून वाचा. ज्या घरात एक भावंड टापटिपीचं आणि दुसरं धांदरट असतं, त्या घरात हे मोठ्यानेच वाचावं.

मुलावर नजर ठेवून, त्याला पकडून तो सुधारतो का, याचं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. जॉर्ज म्युलर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. 1805 मध्ये प्रशियात जन्म, 1836 पासून इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात अनाथ मुलांसाठी आश्रम, आणि आलेल्या दानाचा दरवर्षी छापून जाहीर केलेला हिशेब. लहानपणी आपण चोर होतो, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. वडील सरकारी करवसुलीच्या नोकरीत. पैसा खर्च न करता जवळ बाळगायची सवय लागावी म्हणून ते मुलांना वयाच्या मानाने बरेच पैसे देत आणि अधूनमधून तपासत. छोटा जॉर्ज थोडे खर्च करी आणि तपासणीच्या वेळी खोटा हिशेब मांडी. दहा वर्षांचा व्हायच्या आत तो वडिलांकडच्या सरकारी पैशांना हात घालू लागला. वडिलांना संशय आला, तेव्हा त्यांनी मोजलेली रक्कम तो असलेल्या खोलीत ठेवून दिली. त्याने त्यातली काही उचलून बुटात पायाखाली लपवली. झडती झाली, पैसे सापडले, शिक्षा झाली. म्युलर लिहितात की पकडलं गेल्याचा आपल्यावर एवढाच परिणाम व्हायचा, की पुढच्या वेळी जास्त हुशारीने कसं करता येईल याचा विचार सुरू व्हायचा.

त्या वडिलांच्या पद्धतीत दोन गोष्टी मला खटकतात. पैसे दिले, पण कशासाठी ते सांगितलं नाही. नुसतं "जवळ ठेव, वापरू नकोस" म्हणजे पुरून ठेवण्यासारखंच झालं. आणि हिशेब घेतला तो मुलाबरोबर बसून नाही, समोरून उलटतपासणीसारखा. अर्थात वडील वेगळे वागले असते तर म्युलर वेगळे घडले असते, असा दावा मी करणार नाही. त्यांच्यात खरा बदल आला तो 1825 मध्ये, हॅले इथे शिकत असताना एका घरगुती प्रार्थनासभेतून. मन पालटणं आईवडिलांच्या हातात नसतं. सापळा न लावणं मात्र असतं.

म्हणून, जे तुम्हाला आधीच माहीत आहे ते प्रश्न म्हणून विचारू नका. "टाकलीस का नाणी?" हा प्रश्न, उत्तर माहीत असताना, मुलाला खोटं बोलायचं आमंत्रण आहे. सरळ म्हणा: "नाणी थाळीत गेली नाहीत हे मला माहीत आहे. स्टिकर त्यातून घेतलेस हेही माहीत आहे. आता हे नीट कसं करायचं ते आपण दोघं मिळून ठरवू." सांगताना आवाज चढलेला नको आणि भावंडं आजूबाजूला नकोत. तो रडेल, फुरंगटेल, किंवा "मला नाही माहीत" म्हणेल. थांबा. लगेच कबुली वदवून घ्यायची घाई नको.

भरपाई मात्र व्हायलाच हवी, इथे मी जुन्या वळणाची आहे. लेवीय 6:5 प्रमाणे घेतलेलं परत आणि वर पाचवा हिस्सा. तो वरचा हिस्सा मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण नुसतं परत केलं की मुलाला वाटतं आपण उसने घेतले होते. लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला जकातदार जक्कय, त्याची गोष्ट (लूक 19) याच वेळी सांगा, आणि तिचा क्रम बदलू नका. येशू आधी त्याच्या घरी जातो, भरपाईचं जक्कय नंतर, आपणहून बोलतो. किती परत करायचं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आता प्रत्यक्षात. नाण्यांइतकी रक्कम आणि थोडी वर, ही त्याने स्वतःच्या पैशांतून स्वतःच्या हाताने अर्पणात टाकायची. त्याच्याकडे पैसे नाहीत, कारण ते तुम्ही बंद केलेत. ही पहिली अडचण सोडवावी लागेल, त्यावर शेवटी येते. पुस्तकासाठी त्याने स्वतः जाऊन सांगायचं, तुम्ही शेजारी उभं राहायचं आणि गप्प राहायचं. मंडळीसमोर उभं करून कबुली, प्रार्थनेच्या विनंतीत त्याचं नाव, पाळकांकडून खास कानउघाडणी, यातलं काही करू नका. मुलाची चूक गुप्त ठेवणं हाही आपल्याकडे सोपवलेला विश्वास आहे, नीतिसूत्रे 11:13 (विश्वासू माणूस गुपित झाकून ठेवतो) मोठ्यांनाही लागू आहे.

अर्पणाच्या पद्धतीबद्दलही बोलायला हवं. चर्चच्या दारात आईने नाणी मुठीत द्यायची आणि मुलाने ती दहा पावलांवर थाळीत टाकायची, यात देणारी आई असते. मूल फक्त ने-आण करतं. त्याला त्या नाण्यांचं काही वाटत नाही, यात नवल नाही. देणं त्याचं व्हायचं असेल तर पैसे आधी त्याचे असावे लागतात, आणि किती द्यायचे हे घरी, आदल्या दिवशी, त्याने मनाशी ठरवलेलं असावं. 2 करिंथ 9:7 तेच सांगतं. मुलांनी दशांश (मिळकतीचा दहावा भाग) द्यावाच का, यावर मंडळ्यामंडळ्यांत मतं वेगळी आहेत आणि तुमच्या मंडळीची शिकवण तुम्ही पाळाल. माझा अनुभव असा की साधारण 8 वर्षांपर्यंत आईबाबांबरोबर मोजून बाजूला काढणं बरं, त्यानंतर हळूहळू त्याच्यावर सोपवावं. देणं, साठवणं, खर्च असे तीन डबे पुष्कळ जण करतात. डबे चांगलेच, पण खर्चाच्या डब्यातही तुम्ही बोट घालत राहिलात तर तो डबा त्याचा राहत नाही. एखाद्या फालतू वस्तूवर सगळे उडवले, तर उडवू द्या. पश्चात्ताप स्वस्तात मिळण्याचं हेच वय.

एक वाक्य मात्र घरात वापरू नये असं मला वाटतं: "नीट दिलंस, नीट सांभाळलंस तर देव तुला आणखी देईल." मूल हे व्यापारासारखं ऐकतं, आणि दोनदा तसं झालं नाही की देवालाच अविश्वासू ठरवतं. मार्क 12 मधल्या गरीब विधवेने दानपेटीत दोन टोल्या (अगदी कमी किमतीची नाणी) टाकल्या, पुढे तिला काय मिळालं ते तिथे लिहिलेलंच नाही. त्यापेक्षा दावीदाची प्रार्थना (1 इतिहास 29:14) सांगा: सगळं तुझ्यापासूनच आहे, तुझ्या हातचंच आम्ही तुला दिलं. मुलांना हे पटकन समजतं, कारण आईबाबांच्या वाढदिवसाला त्यांच्याच पैशांतून भेट आणायचा अनुभव त्यांना असतो.

पैशांपलीकडे काय काय सोपवता येईल तेही बघा. झाडाला पाणी, पाळलेल्या प्राण्याचं खाणं, चर्चमध्ये गीतपुस्तकं वाटणं आणि मोजून परत ठेवणं. जिवंत गोष्टीची जबाबदारी मुलांना सगळ्यात लवकर कळते, कारण विसरल्याचा परिणाम तुमच्या बोलण्याची वाट पाहत नाही. योहान 6:12 मध्ये पाच हजारांना जेवू घालून झाल्यावरही येशू उरलेले तुकडे गोळा करायला सांगतो, काही फुकट जाऊ नये म्हणून. भाकरी वाढवू शकणाऱ्यालाही तुकड्यांची काळजी होती, हे मुलांना सांगितलं की ती विचारात पडतात.

इथे विषय थोडा बाजूला जाईल, पण राहवत नाही म्हणून सांगते. विश्वासूपणा शिकवताना "कोणी विश्वासाने सांगितलेलं बाहेर बोलायचं नाही" हेही आपण शिकवतो. त्याच्याच जोडीने हेही शिकवा की कोणी मोठ्या माणसाने भीती वाटेल किंवा लाज वाटेल असं काही करून "हे गुपित ठेव" म्हटलं, तर ते गुपित ठेवायचं नसतं, मग तो माणूस चर्चमधला का असेना. ही अट न घालता शिकवलेला विश्वासूपणा मुलासाठी धोक्याचा आहे.

आणि हो, तुमचाही हिशेब त्याला दिसू द्या. 2 करिंथ 8:20-21 मध्ये पौल दानाची रक्कम नेताना बरोबर दुसरी माणसं घेतो, कोणी बोट दाखवू नये म्हणून. प्रेषितसुद्धा "माझ्यावर विश्वास ठेवा" म्हणून थांबत नाही. घरखर्चाची वही, मागून आणलेली आणि परत न केलेली वस्तू, चुकून जास्त आलेली सुटी रक्कम, हे सगळं मुलं बघत असतात. आठवड्यातून एकदा तुमची आणि त्याची वही शेजारी बसून भरा. आधी तुमची.

आता शेवटचा प्रश्न, पैसे परत कधी. या आठवड्यापासून. आधी देत होता त्याच्या निम्मे, ठरलेल्या वारी, न मागता. पहिल्या वेळी त्यातून भरपाई बाजूला काढायची, उरलेले त्याचे. लूक 16:10 ची सुरुवात "अगदी थोडक्या"ने होते, शून्याने नाही. हातात काहीच नसलेलं मूल विश्वासू आहे की नाही हे कळायलाही मार्ग नसतो. प्रचाराच्या प्रवासात पंफुल्या प्रांतात साथ सोडून परत गेलेल्या मार्काला पौलाने पुढच्या प्रवासात घेतलं नाही, त्याचा सोबती बर्णबा याने घेतलं, आणि 2 तीमथ्य 4:11 मध्ये तोच पौल त्याला बोलावून घ्यायला सांगतो, तो उपयोगी आहे म्हणून. घरात तुम्हाला बर्णबा व्हावं लागेल, पण पौलाची सावधगिरी सोडून नाही. अर्पणाची नाणी काही आठवडे त्याने तुमच्यासमोर टाकावीत, आणि हे असं का हे त्याला सांगून ठेवावं. तीन-चार आठवडे वही जुळली की रक्कम थोडी वाढवा. मध्येच एकदा जुळली नाही आणि त्याने ते आपणहून येऊन सांगितलं, तर त्या आठवड्यात रक्कम कमी करू नका.